टोक मोडलेली भेंडी

१२ सप्टेंबर, गुरुवार. दोन पौंड भेंडी नव्याने निवडून द्यायची. त्या दिवशी सकाळी माझ्यापुढे एवढंच काम होतं, आणि ते करताना माझी सुपरवायझर शेजारी उभी राहून बघणार होती.

टेक्सासमधल्या प्लेनो शहरातल्या ज्या सुपरमार्केटमध्ये मी पंधरा वर्षं गिऱ्हाईक म्हणून गेले, तिथेच मी ऑगस्टमध्ये नोकरीला लागले होते. काम समजायला सोपं आहे. लोक घरबसल्या फोनवर किराणा आणि भाजी निवडतात, पैसे भरतात आणि ठरलेल्या वेळी दुकानाच्या बाजूच्या राखीव जागेत गाडी आणून उभी करतात. मधलं सगळं आम्ही करायचं. हातात स्कॅनर, पुढे क्रेट रचलेली उंच गाडी. स्कॅनर सांगेल ती वस्तू शोधायची, त्या गिऱ्हाइकाच्या क्रेटमध्ये टाकायची, पुढे चालायचं. थोडक्यात, लोकांची खरेदी मी करायची.

पहिले काही आठवडे परीक्षेचे असतात. माझे त्या गुरुवारी संपत होते. ठेवायचं की नाही ते शिफ्ट संपताना कळणार होतं. आणि नेमकी आदल्या संध्याकाळी माझ्या कामावर पहिली तक्रार आली.

मला ही नोकरी हवी होती, आणि वेळ घालवायला म्हणून नव्हे. लग्नाआधी कोल्हापुरात मुलींच्या एका वसतिगृहात मेसची सगळी खरेदी माझ्याकडे होती. पहाटे मार्केट यार्डात जाऊन पोत्याने भाजी घ्यायची, रिक्षात टाकायची, वेळेत शिजायला द्यायची. ते काम मला येत होतं आणि आवडत होतं. नंतर इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, त्यावर नोकरी करता येत नव्हती. परवानगी आली तोवर मुलगा शाळेत होता आणि त्याला पोचवणं-आणणं हीच एक शिफ्ट होती. ऑगस्टमध्ये त्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आलो आणि पुढच्या सोमवारी मी अर्ज केला. नवऱ्याने विचारलं, गरज काय आहे. मी म्हटलं, गरज नाही, काम आहे. त्याची खरी अडचण दोन दिवसांनी बाहेर आली: इथल्या मराठी मंडळातल्या कुणी बघितलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, बघितलं तर दिसेलच, त्यात सांगायचं काय. तरी कायम होईपर्यंत आपणहून बोलायचं नाही असं ठरलं. तेवढी सवलत मी त्याला दिली.

माझा वेग कमी होता. हे मला माहीत होतं, कारण स्कॅनर ते रोज दाखवतो. बरोबरची पोरंपोरी नुकती विशीत आलेली. गाडी ढकलत जवळजवळ पळतात. डबाबंद राजमा मीही त्यांच्याच वेगाने उचलत होते. माझा वेळ जायचा तो भाजीत, कारण मी ती बघून घ्यायचे. नारळ कानाशी धरून हलवायचा, पाणी वाजलं तरच घ्यायचा. लिंबू पातळ सालीचं. वांग्याचा देठ हिरवा. कोथिंबिरीची जुडी उलटी करून आतली पानं पाहायची. या दुकानात भाजीवर थोड्या थोड्या वेळाने पाण्याचा फवारा सुटतो, आणि लोकांनी हात काढून घ्यावेत म्हणून त्याआधी स्पीकरवर ढगांचा बारीक गडगडाट वाजवतात. पहिल्या वर्षी मी छताकडे पाहिलं होतं. आता गडगडाट झाला की मी मागच्या कोरड्या जुड्या आधी उचलते, कारण ओली कोथिंबीर पिशवीत दुसऱ्या दिवशी चिकट होते. माझ्या ऑर्डरींना भाजीबद्दल चांगले शेरे येत होते, म्हणून सुपरवायझर माझ्या वेगाकडे काणाडोळा करत होती.

मंगळवारी एका ऑर्डरीत दोन पौंड भेंडी होती. भेंडी कशी घ्यायची हे मला कुणी बसवून शिकवलेलं नाही. एकेक उचलायची, अंगठ्याने टोक मोडायचं. कट् आवाज आला तर कोवळी, पिशवीत. नुसती वाकली तर जून, बाजूला. दोन पौंड भेंडी मी अशी घेतली. एकही जून गेली नाही. त्या पिशवीवर मी खूश होते. दबू नये म्हणून क्रेटमध्ये सगळ्यांत वर ठेवली.

गुरुवारी सकाळी सुपरवायझरने मला मागच्या खोलीत बोलावून टॅबवर एक फोटो दाखवला. पांढऱ्या ताटात भेंड्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीचं टोक काळं. काहींना तार सुटली होती. खाली गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की सगळी भाजी खराब निघाली, प्रत्येक भेंडीला कुणीतरी मुद्दाम हात लावलेला दिसतोय, आणि खाण्याच्या वस्तूशी असा खेळ कोण करतं.

सुपरवायझर माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. टेक्सासच्या पूर्वेकडच्या शेतकरी गावातली, सगळ्या बायकांना ‘मिस’ म्हणणारी आणि आवाज न चढवणारी. तिने विचारलं, हा रोग आहे का काही? वरून आलेला मालच असा होता का?

मी म्हटलं, ‘‘नाही. मी मोडली.’’

‘‘सगळी?’’

‘‘सगळी.’’

मग मी तिला कारण सांगितलं. कोवळी कशी कळते, जून कशी कळते, आवाज कसा येतो. तिने नीट ऐकून घेतलं. तिच्या घरीही भेंडी पिकायची, मक्याच्या पिठात घोळवून तळायचे. ती चिडली नाही. तिने एकच विचारलं: मोडल्यावर तुम्ही ती शिजवता कधी?

मी म्हटलं, त्याच दिवशी. आणि म्हणताम्हणताच मला कळलं. मेसमध्ये मी मोडून आणलेली भेंडी तासाभरात चिरून कढईत असायची. घरीसुद्धा संध्याकाळच्या भाजीला दुपारी आणायची. मोडून बघणं हे त्याच दिवशी शिजवणाऱ्याचं काम आहे. इथे लोक मंगळवारी भाजी नेतात आणि फ्रीजमध्ये ठेवून बुधवारी-गुरुवारी करतात. तोवर मोडलेल्या जागी काळं पडणारच. दुसरं म्हणजे, आपली भाजी आपण मोडावी. ही भेंडी माझी नव्हती.

चूक झाली हे मी लगेच म्हटलं. माफी एकदाच मागितली. जास्त वेळा मागितली की समोरच्यालाच आपली समजूत घालत बसावं लागतं.

ती म्हणाली, गिऱ्हाईक अकराला बदली पिशवी न्यायला येणार आहे, आत्ता माझ्यासमोर निवडा.

आम्ही भाजीपाशी गेलो. न मोडता भेंडी निवडायची म्हणजे डोळ्यांनी निवडायची. बोटापेक्षा लांब नको. शिरा काळपट नकोत. अंगावरची लव खरखरीत हवी. टोक अगदी हलकं दाबून बघायचं, ते लवचिक लागलं तर ती भेंडी सोडून द्यायची. हे सगळं मला येत होतं, पण हात ऐकत नव्हता. दर वेळी अंगठा आधी टोकावर जायचा आणि मग मी त्याला मागे घ्यायचे. सुपरवायझर हाताची घडी घालून बघत होती. मधे फवाऱ्याचा गडगडाट झाला, दोघी मागे सरलो, परत पुढे आलो. पिशवी भरली तेव्हा तिने त्यातल्या चार भेंड्या काढून पाहिल्या, मान हलवली आणि म्हणाली की गाडीशी पिशवी पोचवणारी मुलगी आज आलेली नाही, तुम्हीच नेऊन द्या. पिशवी द्यायची, सॉरी म्हणायचं, परत यायचं. तक्रारीबद्दल गिऱ्हाइकाशी वाद नाही आणि चर्चाही नाही. हा दुकानाचा नियम आहे.

बाहेर डांबर तापलं होतं. राखीव जागेत पांढरी मोठी गाडी उभी होती. चालवणारी मुलगी तिशीतली असेल. तिने काच खाली घेतली. मी इंग्रजीत ठरलेलं वाक्य म्हटलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. तिने नम्रपणे आभार मानले. तेवढ्यात पलीकडच्या सीटवरून एक मान पुढे आली. आमच्या मंडळाच्या जेवणाचं सगळं बघणाऱ्या काकू. इथे मंडळाचं कुठलंही जेवण त्यांच्या देखरेखीखाली होतं, आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली भाज्या निवडत आले आहे. त्यांची लेक दुसऱ्या गावी नोकरीला असायची, म्हणून तिला मी ओळखलं नव्हतं.

‘‘अगं, तू?’’

‘‘हो काकू, मीच.’’

‘‘आणि हा एप्रन?’’

‘‘दुकानाचा. इथे काम करते मी.’’

काकूंना यावर काही बोलायचं होतं, पण आधी त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. परत भेंडी कशाला, असं त्यांनी लेकीला विचारलं.

‘‘आई, आय टोल्ड यू ना, पहिली सगळी ब्लॅक झाली होती,’’ लेक म्हणाली. ‘‘समबडी हॅड ब्रोकन एव्हरी सिंगल टिप. सो वीअर्ड. मी कम्प्लेंट केली.’’

‘‘टोकं मोडलेली होती? एकूण एक?’’

‘‘येस. एकूण एक.’’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची मनाई होती. बोलायची गरजही नव्हती.

‘‘अगं बाई,’’ त्या लेकीला म्हणाल्या, ‘‘कुणीतरी तुला एकेक बघून कोवळी निवडून दिली आणि तू त्याची तक्रार केलीस? तुझ्या आजीने सांगून सांगून तू कधी एक मोडून बघितली नाहीस. आयती आली तर फेकून दिलीस ना?’’

‘‘कम्पोस्टमध्ये टाकली,’’ लेक म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा लाल झाला. ‘‘ओह नो. मावशी, वॉज इट यू? आय ॲम सो सॉरी. मी आत्ता डिलीट करते.’’ तिने फोन उचललाही.

नियम मोडायचा नव्हता, पण हे थांबवायला हवं होतं. फोटो सुपरवायझरने पाहिलेला होता. मी गाडीशी जाऊन आल्यावर पाच मिनिटांत तक्रार मागे गेली, तर त्याचा अर्थ एकच निघाला असता.

‘‘करू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘काळी पडली होती ना?’’

‘‘हो, बट...’’

‘‘मग बरोबर लिहिलंस. राहू दे.’’

मला तिथेच परत फिरायला हवं होतं. पण घाईत मी काकूंना सांगितलं की आत जाते, आज मला कायम करायचं की नाही ते ठरतंय. हे सांगायला नको होतं. काकूंनी तत्क्षणी सीटबेल्ट सोडला.

‘‘थांब, मी येते. कोण आहे तुझी वरिष्ठ? मी शब्द टाकते.’’

काकूंच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. त्यांच्या एका फोनवर नव्या जोडप्यांना भाड्याचं घर मिळालं आहे, मुलांना तबल्याच्या क्लासला जागा मिळाली आहे, कुणाच्या आईवडिलांना विमानतळावरून आणायला गाडी गेली आहे. ओळख काढायची, शब्द टाकायचा, काम व्हायचं. आपल्या माणसासाठी एवढं केलं नाही तर त्यांना जेवण जात नाही. पण काचेच्या दारामागे माझी सुपरवायझर उभी होती आणि आमच्याकडे बघत होती. लेखी तक्रार केलेल्या घरातली बाई माझा हात धरून आत येते आणि माझी शिफारस करते, हे बघून तिला काय वाटलं असतं ते मला कळत होतं. काकूंचा पाय खाली येण्याआधी मी वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि दारावर हात ठेवला.

‘‘काकू, तुम्ही आत आलात तर तिला वाटेल मीच तुम्हाला आणलं.’’

‘‘वाटू दे. आम्ही तुझे कुणी नाही का?’’

‘‘आहात. म्हणून आत येऊ नका.’’

‘‘एवढंसुद्धा करायचं नाही मी?’’

‘‘करा की. घरी जाऊन भेंडी करा.’’

लेक हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी दार सोडलं, पण मघाशी राहिलेलं बोलून घेतलं. एवढं मोठं घर, नवऱ्याची चांगली नोकरी, आणि लोकांच्या भाज्या भरत फिरतेस. आम्हाला एका शब्दाने सांगितलंसुद्धा नाहीस.

मी म्हटलं, ‘‘मंडळात इतकी वर्षं मी लोकांच्याच भाज्या निवडल्या की. तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगायचात, हिच्याइतकी भाजी कुणाला कळत नाही.’’

‘‘सांगायचे म्हणजे काय, अजून सांगते.’’

‘‘मग इथे त्याचा पगार देतात, एवढंच.’’

काकूंनी बेल्ट परत लावला. ‘‘शनिवारी गणपतीच्या जेवणाला सकाळी येशील ना?’’

‘‘शिफ्ट नसेल तर.’’

‘‘बघ. आता हिला शिफ्ट आहे,’’ त्या लेकीला म्हणाल्या, आणि काच वर गेली.

सुपरवायझर दारातच होती. तिने विचारलं, एवढा वेळ काय बोलणं झालं. मी सगळं सांगितलं: ओळख कशी आहे, मुलगी तक्रार काढत होती, मी नको म्हटलं, आई शिफारस करायला आत येत होती, मी थांबवलं. नियमाबाहेर बोलले हेही सांगितलं. तिने विचारलं, दार धरून ठेवलं होतं ते त्यासाठी का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, माझ्या चर्चमधल्या बायका असत्या तर दार मोडून आत आल्या असत्या. मग शिफ्ट संपताना मला मागच्या खोलीत बोलावून म्हणाली, बसा.

निर्णय तिने सकाळीच घेतलेला होता, मी भेंडी निवडत असताना. नोकरी कायम. पण भाजीवर नाही. जानेवारीपर्यंत दूध, अंडी आणि फ्रोझन, पहाटे पाचची शिफ्ट, उद्यापासून.

मी विचारलं, सकाळची भेंडी चांगली नव्हती का? माझं म्हणणं मी मांडलं: दुकानात भाजी कळणारी माणसं फार नाहीत, मला कळते, एका चुकीपायी ती बाजूला ठेवणं दुकानाच्या फायद्याचं नाही. तिने ऐकून घेतलं.

‘‘भेंडी उत्तम होती,’’ ती म्हणाली. ‘‘पण दर वेळी हात आधी टोकाकडे जात होता. तुम्ही अजून स्वतःच्या घरासाठी भाजी घेता, मिस. इथे आपण ती दुसऱ्याच्या घरी पाठवतो.’’

हे तिने खरं पाहिलं होतं. मला वाईट वाटलं, पण तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. केलंही होतं. मेसमध्ये एका बाईचा हात मिठाला सैल होता. बाई चांगली होती, म्हणून काढली नाही, आमटीवरून उचलून पोळ्यांवर घातली. महिन्याभराने तिच्या पोळ्यांचं सगळं वसतिगृह नाव घेत होतं. मी सुपरवायझरला म्हटलं, ठीक आहे, जानेवारीत परत विचारीन. ती म्हणाली, विचाराच.

घरी पोचले तर नवरा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. काकूंचा फोन माझ्याआधी पोचला होता.

‘‘मंडळात कळलं,’’ तो म्हणाला.

‘‘कळणारच होतं. काय म्हणाल्या?’’

‘‘मला वाटलं विचारतील, हे काय चाललंय तुमच्याकडे. काही नाही. कायम झाली की नाही ते कळव, एवढंच म्हणाल्या. मला माहीतच नव्हतं, काय सांगणार?’’

मी त्याला झालं ते सांगितलं. फ्रोझनचं आणि पहाटेच्या शिफ्टचंही. त्याने सगळं ऐकलं, चष्मा वर केला आणि मला न विचारता काकूंना मेसेज केला: झाली. मग मला म्हणाला, पाचला म्हणजे तुला साडेचारला निघावं लागेल, माझी गाडी मागे लावतो, तुझी अडकायला नको. तो विषय तिथे संपला. जेवून मी हिवाळ्याच्या कपड्यांची पेटी वरून खाली काढली. बाहेर अजून उन्हाळा होता.

शुक्रवारी पहाटे जाड स्वेटर आणि दोन-दोन मोजे घालून मी निघाले. हायवे मोकळा होता. दुकानात लाद्या पुसायचं यंत्र फिरत होतं, गिऱ्हाईक एकही नव्हतं. स्कॅनरवर पहिली ऑर्डर एका बेकरीवालीची आली, बरीचशी अंडीच. मी प्रत्येक खोका उघडला आणि आतलं एकेक अंडं बोटाने जरासं फिरवून पाहिलं. खालून फुटलेलं अंडं खोक्याला चिकटतं, फिरत नाही. त्यातला एक खोका बाजूला ठेवला, बाकीचे स्कॅन केले आणि दुधाकडे गेले.